सिक्कीमचं राज्य टिकलं असतं तर: पर्यायी इतिहास रचायची पद्धत

१६४२ साली युकसोमला तीन लामांनी फुंत्सोग नामग्याल यांना गादीवर बसवलं. ती गादी १९७५च्या एप्रिलमध्ये संपली आणि १६ मे १९७५ रोजी सिक्कीम भारताचं बाविसावं राज्य झालं. ‘असं झालं नसतं तर?’ या प्रश्नावर कथा, कादंबरी, पटावरचा खेळ किंवा अभ्यासाचं टिपण लिहायचं असेल, तर हा विषय फार चांगला आहे. काळ जवळचा आहे, करार आणि कायदे शब्दशः वाचायला मिळतात आणि जागा लहान आहे. ७,०९६ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि १९७१च्या जनगणनेत जेमतेम २ लाख १० हजार माणसं. एवढ्या लहान प्रदेशात एका निर्णयाचे परिणाम शेवटपर्यंत तपासता येतात.

मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात हवी. सिक्कीमचा प्रश्न गंगटोकचा राजवाडा आणि दिल्ली एवढ्या दोघांपुरता नव्हता. सुमारे तीन चतुर्थांश प्रजा नेपाळी भाषक होती आणि राज्यसभागृहातला तिचा वाटा तिच्या संख्येच्या मानाने फारच कमी होता. त्या नेपाळी भाषक शेतकऱ्याला मताचा पूर्ण हक्क कधी आणि कसा मिळाला, याचं उत्तर न देणारा कुठलाही पर्यायी इतिहास दहाव्या पानावर कोसळतो.

आधी खऱ्या तारखांचा तक्ता

तीन रकाने आखा: तारीख, काय घडलं, निर्णय कोणाच्या हातात होता. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण फाटा, म्हणजे खऱ्या इतिहासापासून वेगळं व्हायची जागा, तिथूनच फुटतो. १९४७ ते १९७२साठी वीसेक नोंदी पुरतात. जानेवारी १९७३पासून महिन्यामहिन्याची नोंद ठेवा आणि १९७५च्या एप्रिलचा पहिला पंधरवडा दिवसागणिक लिहा.

तक्त्यात एवढं तरी हवंच. मे १९४९मध्ये सिक्कीम स्टेट काँग्रेसच्या ताशी छेरिंग यांचं लोकप्रिय मंत्रिमंडळ आलं आणि महिन्याभराच्या आत बरखास्त झालं. ५ डिसेंबर १९५० रोजी भारत-सिक्कीम करार झाला. सिक्कीम भारताचं संरक्षित राज्य ठरलं. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण भारताकडे गेलं, अंतर्गत कारभार महाराजांकडे राहिला आणि वर्षाला ३ लाख रुपये भारताने द्यायचे ठरले. डिसेंबर १९६३मध्ये ताशी नामग्याल वारले, ४ एप्रिल १९६५ रोजी पाल्देन थोंडुप नामग्याल यांचा राज्याभिषेक झाला. १९६७च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नथु ला आणि चो ला इथे चिनी सैन्याशी चकमकी झाल्या. सप्टेंबर १९७१मध्ये शेजारचा भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला.

त्यानंतर वेग वाढतो. जानेवारी १९७३च्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा आरोप झाला आणि आंदोलन पेटलं. ८ एप्रिलला भारताने प्रशासन हातात घेतलं. ८ मे १९७३ रोजी छोग्याल (म्हणजे सिक्कीमचे राजे), भारत सरकार आणि राजकीय पक्ष यांच्यात करार झाला. एप्रिल १९७४मध्ये काझी ल्हेन्दुप दोर्जी यांच्या सिक्कीम काँग्रेसने ३२पैकी ३१ जागा जिंकल्या. पस्तिसाव्या घटनादुरुस्तीने सिक्कीम ‘सहयोगी राज्य’ झालं. ९ एप्रिल १९७५ला भारतीय सैन्याने राजवाड्यावरच्या सिक्कीम गार्ड्सना निःशस्त्र केलं, १० तारखेला विधानसभेने छोग्यालपद रद्द करण्याचा आणि भारतात सामील होण्याचा ठराव केला आणि १४ तारखेला सार्वमत झालं. छत्तिसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं ते तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. तेव्हा मराठी पात्र आणायचा मोह झालाच, तर ही खरी जागा आहे. उगाच गंगटोकमध्ये मराठी पत्रकार पेरायची गरज नाही.

फाटा कुठे फोडायचा

फाटा एका वाक्यात लिहून बघा: कोणी, कोणत्या तारखेला, हातात असलेल्या कोणत्या अधिकाराने, काय वेगळं केलं. वाक्यात दोन बदल आले तर एक काढा. ‘छोग्याल उदार झाले आणि इंदिरा गांधींनी विचार बदलला’ हा फाटा नाही, ती इच्छा आहे.

मराठी वाचकाच्या मनात संस्थान म्हटलं की कोल्हापूर-सांगली येतं. कोल्हापूर १ मार्च १९४९ला मुंबई प्रांतात विलीन झालं. तोच साचा इथे बसवू नका. सिक्कीमचे राजे ब्रिटिशांच्या काळात संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे सदस्य होते हे खरं, पण १९४७मध्ये त्यांनी सामीलनाम्यावर सही केली नाही. आधी जैसे थे करार आणि मग १९५०चा करार, अशी त्यांची वेगळी वाट होती. त्यामुळे ‘सामीलनामा फाडला’ असला प्रसंग लिहिता येणार नाही. फाडायला तो कागदच नव्हता.

पहिला फाटा १९४९चा. ताशी छेरिंग यांचं मंत्रिमंडळ टिकलं असतं तर? वरवर पाहता इथून लोकशाही राजेशाही उगवावी असं वाटतं. पण स्टेट काँग्रेसच्या तीन मागण्यांत जमीनदारी रद्द करणं आणि जबाबदार सरकार यांच्या बरोबरीने भारतात सामील होण्याची मागणीही होती. म्हणजे हा फाटा प्रामाणिकपणे चालवला तर विलीनीकरण पंचवीस वर्षं आधी येण्याची शक्यता जास्त. लेखकाला नको असलेल्या दिशेने फाटा गेला तर त्याच्यामागे जावं. या फाट्यावर उत्तम कथा होऊ शकते, फक्त ती टिकलेल्या राज्याची नसेल.

दुसरा फाटा १९५०चा: भूतानसारखा करार मिळाला असता तर. भूतानच्या ऑगस्ट १९४९च्या करारात परराष्ट्र व्यवहारांत भारताचा ‘सल्ला’ मानण्याचं कलम होतं, संरक्षित राज्याचा दर्जा नव्हता. त्या एका फरकावर भूतान पुढे संयुक्त राष्ट्रांत पोचला. पण सिक्कीममधून नथु ला आणि जेलेप ला या खिंडींतून ल्हासाची वाट जाते आणि चिनी सैन्य ऑक्टोबर १९५०मध्ये तिबेटमध्ये शिरलं. सिक्कीमचा करार त्यानंतर दोन महिन्यांनी झाला. म्हणून हा फाटा घ्यायचा तर करार १९४९मध्येच, भूतानच्या पाठोपाठ झालेला दाखवा. डिसेंबर १९५०मध्ये दिल्लीने सैल करार दिला असं लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

तिसरा फाटा १९७३च्या आधीचा आणि तो राजवाड्याच्या हातात होता. चोवीस सदस्यांच्या राज्यसभागृहात भुतिया-लेपचांना (भुतिया आणि लेपचा या दोन अल्पसंख्य समाजांना मिळून) सात आणि नेपाळ्यांना सात जागा, शिवाय संघ (बौद्ध मठ), अनुसूचित जाती, त्सोंग (लिंबू समाज) आणि सर्वसाधारण गटाला एकेक, उरलेले सहा राजनियुक्त. ही रचना छोग्यालनी स्वतःहून, समजा १९७०मध्ये, मोडली असती तर आंदोलनाचा मुख्य मुद्दाच हातातून गेला असता. याची किंमतही दाखवावी लागेल. भुतिया-लेपचा घराण्यांना, काझींना (जमीनदारांना) आणि मठांना हे रुचलं नसतं, तेव्हा राजाला स्वतःच्याच आधाराशी भांडावं लागेल. टिकलेल्या राज्याची सगळ्यांत भक्कम कथा इथून निघते असं आमचं ठाम मत आहे.

चौथा फाटा फार कमी जणांच्या लक्षात येतो. १९५०च्या करारात अशी तरतूद होती की अर्थाबद्दल वाद झाला आणि चर्चेने मिटला नाही, तर तो भारताच्या सरन्यायाधीशांकडे न्यावा आणि त्यांचा निर्णय अंतिम. छोग्यालनी हे कलम वापरलं असतं तर? तारीख इथे सगळं ठरवते. ८ एप्रिल १९७३नंतर प्रशासन भारताकडे गेलेलं आणि ८ मेला छोग्यालची नव्या करारावर सही झालेली, त्यामुळे दावा मार्चअखेरपर्यंत तरी पोचायला हवा. तेव्हा सरन्यायाधीश होते एस. एम. सिक्री, तेरा न्यायमूर्तींच्या पीठापुढचा केशवानंद भारती खटला निकालाच्या टप्प्यावर होता. निकाल २४ एप्रिलला लागला, लगेच सिक्री निवृत्त झाले आणि शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून ए. एन. राय सरन्यायाधीश झाले. म्हणजे दावा सिक्रींकडे पोचेल आणि ऐकतील राय. डावलले गेले नसते तर तो शेलत यांच्याकडे गेला असता. एका छोट्या राज्याचं भवितव्य दिल्लीतल्या न्यायालयीन घडामोडीवर कसं टांगलं जातं, हे यातून कुठलीही ओढाताण न करता दाखवता येतं.

मतमोजणीत फाटा का फुटत नाही

बहुतेक नवे लेखक सार्वमतावर झडप घालतात: मतदान निष्पक्ष झालं असतं तर राज्य वाचलं असतं, असं धरून चालतात. आकडेमोड करून बघा. विलीनीकरणाच्या बाजूने ५९,६३७ आणि विरोधात १,४९६ मतं पडली. एकूण ६१,१३३. निकाल उलटायला साधारण २९ हजार मतं एका बाजूकडून दुसरीकडे जायला हवीत. मतदार होते सुमारे ९७ हजार, म्हणजे घरी राहिलेले सुमारे ३६ हजार. ते सगळेच्या सगळे येऊन विरोधात बोलले असते तरी विरोधाची बेरीज ३७-३८ हजारांच्या पुढे जात नाही. केंद्रांवर निरीक्षक बसवून हा निकाल फिरत नाही.

फिरू शकतो तो प्रश्न. १४ एप्रिलला लोकांपुढे दोन गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या होत्या: छोग्यालपद रद्द करणं आणि सिक्कीमला भारताचा घटक करणं. ठराव आणि मतदान यांत चार दिवसांचं अंतर, तेही डोंगराळ मुलखात, जिथे कितीतरी गावांना पायवाटेनेच जावं लागायचं. आता फाटा असा लिहा: दोन प्रश्न, दोन वेगळ्या मतपत्रिका, ठरावानंतर सहा आठवड्यांनी मतदान. चार निकाल संभवतात. छोग्याल राहणार आणि सहयोगी राज्याचा दर्जाही राहणार. छोग्याल राहणार पण पूर्ण विलीनीकरण, जे घटनात्मकदृष्ट्या जमणं अवघड. दोन्ही जाणार, म्हणजे प्रत्यक्षात घडलं तेच. आणि चौथा, छोग्याल जाणार पण सहयोगी राज्य राहणार. राजा नसलेलं, तरीही पूर्ण राज्य नसलेलं, संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकेक प्रतिनिधी असलेलं सिक्कीम. हा चौथा निकाल जवळजवळ कोणी लिहीत नाही. आंदोलकांचा राग राजवाड्यावर होता, नकाशावर नव्हता, हे धरलं तर तोच सर्वांत पटण्यासारखा आहे.

सहा आठवडे धरताना दिनदर्शिका उघडून ठेवा. १० एप्रिलपासून सहा आठवडे म्हणजे २२ मे. १२ जूनला इंदिरा गांधींची निवड रद्द करणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल येतो आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी. सार्वमत जूनच्या पलीकडे ढकललंत तर वृत्तपत्रांवर निर्बंध आणि विरोधक तुरुंगात अशा काळात ते होईल, आणि मग विलीनीकरण आणखी सोपं होईल. ‘तीन महिने मिळाले असते तर’ हा युक्तिवाद म्हणूनच पोकळ आहे. उशीर करायचा तर मार्च १९७७पर्यंत करा, जनता सरकार येईपर्यंत. पंतप्रधान म्हणून मोरारजी देसाईंनी १९७८मध्ये हे विलीनीकरण चुकीचं होतं असं जाहीरपणे म्हटलं, पण ते मागे घेतलं नाही. झालेलं उलटवणं त्यांना शक्य नव्हतं. अजून न झालेलं त्यांनी केलं असतं का, हा खरा प्रश्न आहे. फक्त मधली जवळजवळ दोन वर्षं दिल्लीचा हात कशाने रोखला, याचं उत्तर कथेत सापडायला हवं.

काय बदलायचं नाही

भूगोल जागचा हलत नाही. गंगटोकला धान्य, रॉकेल, सिमेंट सिलिगुडीहून तिस्तेच्या काठच्या रस्त्याने येतं, अंतर सुमारे ११५ किलोमीटर. पावसाळ्यात दरडी कोसळून तो बंद पडतो. कोणतंही स्वतंत्र सिक्कीम या रस्त्याच्या मर्जीवर जगेल. सिलिगुडीची चिंचोळी पट्टी, तिच्या डोक्यावरचं तिबेटमधलं चुंबी खोरं, गंगटोकपासून सुमारे ५५ किलोमीटरवरची नथु ला: भारतीय सैन्य इथून निघून जाईल अशी कल्पना करायला फार मोठं कारण लागेल, कारण १९५०चा करारच त्याला सिक्कीममध्ये कुठेही राहण्याची मुभा देतो.

निसर्गाच्या घटना जशाच्या तशा ठेवा. १८ सप्टेंबर २०११चा भूकंप होणारच. ऑक्टोबर २०२३मध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटणारच, कारण हिमनद्या कोणाचं राज्य आहे ते विचारत नाहीत. मात्र त्या पुराने चुंगथांगचं धरण वाहून नेलं, ते तुमच्या सिक्कीममध्ये बांधलेलं असेल का? याचा निर्णय आधीच करा. तिथली प्रत्येक मोठी वस्तू, धरण असो, औषध कारखाना असो की पाक्योंगचा विमानतळ, लिहिण्याआधी विचारा: पैसे कोणी दिले आणि परवानगी कोणी दिली? विमानतळ, टपाल आणि तारखातं करारानुसार भारताच्या अखत्यारीत होतं. सिक्कीमची स्वतःची टपाल तिकिटं दाखवायची तर आधी ते कलम बदललेलं दाखवावं लागेल.

परिणाम किती बारीक लिहायचे

फाट्यानंतरचे पहिले तीस दिवस दिवसागणिक, पुढची दोन वर्षं महिन्यागणिक, दहा वर्षांपर्यंत वर्षागणिक. चार-पाच हजार शब्दांच्या कथेला यापेक्षा जास्त लागत नाही. पंचवीस वर्षांच्या पुढे साखळी विरळ होते आणि लेखक आपल्या आवडीचं लिहू लागतो.

दरवेळी एक पायरी शेजारी, एक पायरी दूर असं बघा. शेजारी म्हणजे दार्जिलिंग. ते १८३५मध्ये सिक्कीमकडून कंपनीकडे गेलं. १९६६मध्ये राणी होप कुक यांनी त्या दानपत्राबद्दल लिहिलेल्या लेखावरून दिल्लीत खळबळ उडाली होती. गंगटोकमध्ये नेपाळी बहुमताचं, पण भारताबाहेरचं सरकार असतं, तर १९८६चं गोरखालँड आंदोलन कोणाकडे पाहून उभं राहिलं असतं? दूरची पायरी म्हणजे १९९२ची एकाहत्तरावी घटनादुरुस्ती, जिने नेपाळीला आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. त्याच दुरुस्तीत कोकणी आणि मणिपुरीही आल्या. नेपाळी बोलणारं राज्य संघात नसतं तर ती दुरुस्ती त्याच वर्षी, त्याच जोडीने झाली असती का? पणजीतल्या वाचकाला इथे सिक्कीम अचानक जवळचं वाटेल.

भूतानचा आरसाही वापरा, पण जपून. तिथे १९९०च्या सुमारास नेपाळी भाषक मोठ्या संख्येने हाकलले गेले आणि नेपाळच्या छावण्यांत गेले. सिक्कीममध्ये तेच घडलं असतं असं लिहिणं सोपं आहे, पण भूतानात ते अल्पसंख्य होते, सिक्कीममध्ये बहुसंख्य. बहुसंख्यांना हाकलता येत नाही. त्यांच्यापासून सत्ता लांब ठेवता येते, आणि तेही फार काळ नाही.

माणसांचाही हिशेब ठेवा. डॅनी डेन्झोंगपा १९४८चे, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, ते सिक्कीम संरक्षित राज्य असतानाच. त्यांची वाट तुमच्या जगातही तशीच राहू शकते, कारण फाट्याआधीच ती सुरू झाली होती. फुटबॉलपटू बायचुंग भुतिया डिसेंबर १९७६चे. फाट्यानंतर जन्मलेल्या खऱ्या माणसांना एकतर घेऊ नका, किंवा घेतलंत तर कोणत्या संघाकडून खेळतील याचं कारण द्या. हयात व्यक्तींच्या तोंडी काल्पनिक संवाद घालू नका.

वारंवार होणाऱ्या चुका

पदव्या. १९५०च्या करारात ‘महाराजा’ आहे. ‘छोग्याल’ हे अधिकृत संबोधन १९६५पासून. त्याआधीच्या भारत सरकारच्या पत्रात छोग्याल लिहिलंत तर बनावट कागद उघडा पडतो. दिल्लीचा प्रतिनिधी ‘पोलिटिकल ऑफिसर’, राजदूत नव्हे. काझी हे आडनाव नाही, जमीनदार घराण्याची पदवी आहे.

खिंड. नथु ला १९६२नंतर व्यापाराला बंद होती, ती जुलै २००६मध्ये उघडली. सत्तरच्या दशकातल्या कथेत तिथून लोकर आणि चहाच्या विटा आणणारे तांडे नकोत.

चीन. राज्य वाचवायला चिनी सैन्य उतरवणं ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत खोटी युक्ती. १९६७च्या चकमकींनंतर आणि शेजारच्या तिबेटची गत पाहिल्यावर गंगटोकमधला कोणताही गट त्याला मुक्ती म्हणाला नसता. चीनने विलीनीकरणाचा निषेध केला आणि नकाशात सिक्कीम वेगळं दाखवत राहिला. व्यवहारात ते २००३पासून मान्य केलं. एवढंच सामर्थ्य त्याला द्या.

खलनायक. काझी ल्हेन्दुप दोर्जींना नुसता फितूर, छोग्यालना नुसता हुतात्मा आणि दिल्लीला नुसती अजगरी ताकद केलं की कथेतले निर्णय आपोआप होऊ लागतात. काझी स्वतः लेपचा जमीनदार घराण्यातले, तरी नेपाळी बहुमताचे नेते झाले. छोग्याल भिक्खूंच्या परंपरेत वाढले आणि आधुनिक प्रशासनही जाणत होते. या ताणांमधून प्रसंग लिहा.

लेपचा. सिक्कीमचे मूळ रहिवासी तेच, आणि पर्यायी इतिहासांत ‘भुतिया-लेपचा’ या जोडशब्दात ते हरवतात. लेपचांसाठी राखीव असलेलं झोंगूचं खोरं कोणत्याही कारभारात कोणाच्या ताब्यात राहील, हे एका परिच्छेदात तरी सांगा. १९१७च्या महसुली आदेशाने भुतिया-लेपचांची जमीन इतरांना विकण्यावर बंदी घातली. तो आदेश १९७५नंतर घटनेच्या ३७१ फ कलमाच्या आधाराने टिकला. तुमच्या जगात ते कलम जन्मलंच नाही. मग ती जमीन कोणता कायदा वाचवतो? मसुदा कोणाला वाचायला देण्याआधी याचं उत्तर लिहून ठेवा, कारण सिक्कीमचा वाचक सर्वांत आधी तेच शोधेल.